शिवलेलं मृत्युपत्र

वकीलबाईंनी मृत्युपत्र उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्या डाव्या कडेकडे इतका वेळ बघत राहिल्या की थोरल्याची खुर्ची दोनदा करकरली.

"हे शिवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

समोर थोरला, वहिनी म्हणजे त्याची बायको, आणि मधली बहीण अशी तीन माणसं बसली होती आणि तिघांनीही एकदम चौथ्याकडे बघितलं. चौथा, म्हणजे धाकटा, दाराजवळच्या बाकावर बसून जुन्या फायलींचे दुमडलेले कोपरे नखानं सरळ करत होता. वय शेहेचाळीस, दाढीत पांढरे केस, पण समज सात-आठ वर्षांवर येऊन थांबली ती थांबलीच. टाका मात्र असा घालायचा की मुरलेले बाइंडर मुद्दाम बघायला यायचे.

"आमच्याकडे सगळंच शिवतात हो," थोरला हसून म्हणाला. "बाइंडरचं घर आमचं. विजेची बिलं शिवतात, डॉक्टरच्या चिठ्ठ्या शिवतात. माझ्या दहावीच्या निकालालासुद्धा पुठ्ठा घातलाय. एवढा जपण्यासारखा नव्हता तो."

वकीलबाईंना काही हसू आलं नाही. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं.

"याला आधी पिन होती. ही दोन भोकं बघा, हा गंजाचा ठिपका बघा. कुणीतरी पिन काढली, पानं सुटी केली आणि मग शिवली. प्रोबेटला, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून खरं ठरवून घ्यायला, कागद गेला की मजकूर वाचायच्या आधी तिथली माणसं ही भोकं बघतात. पिन काढली म्हणजे पान बदललं असणार, अशी पहिली शंका घेतात."

"पान कोण कशाला बदलेल?" मधली म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"तीन पानं आहेत. सह्या फक्त तिसऱ्यावर, तुमच्या वडिलांची आणि दोन साक्षीदारांची. एक साक्षीदार वारले. दुसरे म्हणतात, सही करताना मी बघितलं, पण वाचलं काही नाही. आणि सगळं आहे ते या दुसऱ्या पानावर. त्यावर कुणाचीच सही नाही."

दुसरं पान सगळ्यांना पाठ होतं. घर आणि खालचा बाइंडिंगचा कारखाना विकायचा नाही, वाटायचा नाही. त्याचा ट्रस्ट करायचा. धाकटा जिवंत आहे तोवर तो तिथंच राहील आणि विश्वस्त म्हणून मधली सगळं बघेल. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हे सहा वर्षांपूर्वी लिहून घेतलं होतं आणि सात आठवड्यांपूर्वी अण्णा गेले.

"हे पान संशयात अडकलं तर?" मधलीनं विचारलं.

"तर मृत्युपत्र पडेल. मग घराचे सरळ तीन हिस्से."

तीन हिस्से म्हणजे विक्री, हे न सांगता कळण्याएवढी मधली शहाणी होती. धाकट्याला एकदा चार दिवस दवाखान्यात ठेवायची वेळ आली होती. त्या चार दिवसांत त्यानं अन्न सोडाच, पाणीसुद्धा घशाखाली उतरू दिलं नव्हतं. शेवटी डॉक्टरच म्हणाले, याला घरी न्या, नाहीतर आमच्या हातून जाईल. घरी आला, कारखान्यातल्या आपल्या स्टुलावर बसला, दाभण हातात घेतली आणि दोन तांबे पाणी प्यायला. त्या घराबाहेर तो जगायचा नाही. हे कुठल्या कागदावर लिहून मिळत नाही, पण मधलीला ते ठाऊक होतं.

शिवताना तिनं त्याला बघितलं होतं. अण्णा जाऊन दहा-बारा दिवस झाले असतील. ती दुपारी वर आली तर कपाट उघडं, आणि धाकटा खिडकीपाशी बसून मेणाचा दोरा ओढतोय. त्याच्या मांडीवर मृत्युपत्र. तिनं जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातावर चापट मारली, कागद कपाटात कोंबला आणि कुणाला बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता त्या मुठीत काय आहे ते सगळे बघत होते.

"मी शिवलं," मधली म्हणाली.

वकीलबाईंनी चष्मा परत नाकावर घेतला.

"असं बघा, विश्वस्त तुम्ही. कपाटाची किल्ली तुमच्याकडे. पिन तुम्ही काढली, पानं तुम्ही शिवली, आणि सगळं घर तुमच्या ताब्यात देणारं पान नेमकं मधलं. लिहून देता असं? खुशाल द्या. मग तुम्हाला माझ्याऐवजी फौजदारीचा वकील लागेल."

मधलीनं टेबलावरचा हात मागे घेतला.

"मला काय झालं ते हवंय. काय झालं असतं तर बरं, ते नकोय," वकीलबाई म्हणाल्या. बाई कडक होत्या, पण निर्दय नव्हत्या. त्यांनी पाण्याचा ग्लास मधलीकडे सरकवला. "यांना विचारते." त्या धाकट्याकडे वळल्या. "इकडे या हो. हे तुम्ही शिवलंत?"

"हो," धाकटा आनंदानं म्हणाला.

"ताईनं सांगितलं म्हणून?"

"हो."

"ताईनं एक पान काढून दुसरं घातलं?"

"हो."

"अहो, तो काहीही विचारलं तरी हो म्हणतो!" मधली ओरडली.

"ऐकतेय मी. दादांनी सांगितलं होतं का शिवायला?"

"हो."

"आणि मी? मी सांगितलं होतं?"

"हो," धाकटा म्हणाला आणि बाईंनी शाबासकी द्यावी म्हणून वाट बघत उभा राहिला.

मधलीच्या डोळ्यांपुढे कोर्टाची खोली उभी राहिली. उंच खुर्ची, समोर अनोळखी काळा कोट, आणि तिचा भाऊ सगळ्याला आनंदानं हो हो म्हणतोय. एकेका होकारानिशी घर पायाखालून जातंय.

"दहा मिनिटं थांबू या," वकीलबाई म्हणाल्या. "ज्याला जे आठवतं ते आठवा."

थोरला जिन्यात आला आणि कठड्याला धरून उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण थोरला चोर नव्हता, म्हणजे असं तो सात आठवडे स्वतःला बजावत होता. अण्णा गेल्याच्या पाचव्या दिवशी मधली मृत्यूच्या दाखल्यासाठी गेली असताना त्यानं किल्ली घेतली होती. का? तर भीतीपोटी. कारखाना सोडून नोकरी धरली तेव्हा अण्णा म्हणाले होते, "तुझं नाव काढणार नाही आता मी या घरात." बोललेलं खरं करणारा माणूस होता तो. थोरल्याला फक्त बघायचं होतं आपलं नाव आहे का ते.

बघितलं आणि झेरॉक्स काढावीशी वाटली. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं, "पिन काढू का काका?" आणि हा म्हणाला, "काढ." एवढंच. बाइंडरचा मुलगा, पण कागदाशी त्याचं कधी जमलंच नाही. पिन काढल्यानं काही बिघडतं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. दुकानाच्या बाकावर बसून त्यानं दुसरं पान दोनदा वाचलं. नाव होतं त्याचं. एकच ओळ: थोरल्याला मी शिकवलं, तोच त्याचा वाटा. मग ऑफिसची एक निळी क्लिप लावून त्यानं पानं कपाटात ठेवून दिली होती.

"अहो." वहिनी मागे येऊन उभी होती. "ती झेरॉक्स तुमच्या बॅगेत बघितली मी. सकाळी, तुमच्या प्रेशरच्या गोळ्या ठेवताना."

थोरल्यानं वर-खाली जिना बघून घेतला. "हळू बोल."

"पिन तुम्ही काढलीत ना?"

"गप्प राहा तू. मी खोटं काही बोललो नाहीये."

"खरं तरी कुठं बोललात?"

"चार महिन्यांनी रिटायर झालो की क्वार्टर सोडायचंय आपल्याला!" तो दबक्या आवाजात पण किंचाळल्यासारखा म्हणाला. "कुठं जाणार आहोत आपण? आहे का काही उत्तर तुझ्याकडे? मी एक शब्द बोलायचा नाहीये. नुसतं गप्प बसायचंय. गप्प बसायला काय पाप लागतं?"

वाईट हे होतं की वहिनीलाही घर हवं होतं. अठ्ठावीस वर्षं कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहून तिनं भिंतीत एक खिळा आपल्या मर्जीनं ठोकला नव्हता. नियम होता तसा. सासऱ्यांच्या घराच्या वरच्या खोलीला पूर्वेकडे मोठी खिडकी होती. तिथं काय ठेवायचं ते तिनं मनातल्या मनात कितीतरी वेळा मांडून मोडलं होतं. पण आज त्या खिडकीशी दोरा ओढत बसणाऱ्या धाकट्याची जागाच तिला रिकामी दिसली. त्याला काही झालं तर आपण त्या खिडकीशी कशा बसणार?

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली.

"मला नाही वाटत का?" थोरला म्हणाला आणि आत गेला.

वकीलबाईंनी तोवर धाकट्याला आपल्या शेजारची खुर्ची दिली होती. मृत्युपत्र त्याच्यापुढे होतं. त्या त्याला हात लावू देत नव्हत्या, फक्त बघू देत होत्या.

"आता मी हो-नाहीचं काही विचारणार नाही," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "तुम्ही कुणी मध्ये बोलायचं नाही." मग धाकट्याला म्हणाल्या, "हा टाका कसा घातलात, ते मला शिकवा."

धाकट्याचा चेहराच बदलला. कामाचं विचारलं की तो वेगळा माणूस व्हायचा, हे घरच्यांना माहीत होतं, पण आज तसं विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. चाळीस वर्षं त्याला सगळ्यांनी हो-नाहीचंच विचारलं होतं.

"पाच भोकं," तो बोटानं दाखवत म्हणाला. "तीन माझी. दाभणीनं. दोन आधीची. आधीची वाकडी आहेत, पिनेची. पिन कागदाला खाते."

"मग पिन काढून कुठं टाकलीत?"

"पिन नव्हती." तो त्यांना समजत नाही म्हणून जरा रागावला. "भोकं होती. पिन नव्हती. क्लिप होती, निळी. क्लिप दादाची. त्याच्या सगळ्या निळ्या असतात. क्लिप ढिली, पानं सरकत होती. पानं सरकली तर हरवतात, अण्णा ओरडतात. म्हणून शिवली. एक, दोन, तीन. आकडे बघून लावली. ताईनं मारलं."

मधलीनं तोंडावर हात दाबला. मग तिनं थोरल्याकडे मान वळवली. वळवावी लागली नसती तर बरं झालं असतं, असं तिला आजही वाटतं.

थोरला लालबुंद झाला, मग पांढरा पडला.

"झेरॉक्स काढायला काढली मी पिन," तो म्हणाला. "पान बदललं नाही. देवाशपथ. जसं होतं तसं आहे."

"कधी?"

"पाचव्या दिवशी."

"दादा," मधली म्हणाली, "मी पाच आठवडे रोज मरतेय. काल तूच मला म्हणालास ना, काळजी करू नकोस?"

थोरला वकीलबाईंकडे वळला. "मी लिहून दिलं तर मृत्युपत्र टिकेल?"

"टिकायला फार मदत होईल. पिन मी काढली, पानं हीच होती, असं तुम्ही प्रतिज्ञापत्रावर सांगायचं. स्वतःचा हिस्सा जात असताना दिलेली साक्ष कोर्टाला सहसा खोटी वाटत नाही."

"देतो." थोरल्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "पण बेबी, वरची खोली आम्हाला द्यायची. आम्ही दोघं तिथं राहू. इथं, आत्ता कबूल कर. मग सही करतो."

"अशी सही मला नको," वकीलबाई म्हणाल्या.

"तुम्हाला विचारलं नाही मी. बेबी?"

छप्पन्न वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारा तो आता जगात एकटाच उरला होता. लहानपणी हाच तिला पाठीवर घेऊन कारखाना फिरवायचा. हो म्हणावं, असं तिला फार वाटलं. खोली रिकामीच होती. आणि नाही म्हटलं तर हा उठून जाईल, कागद पडेल, सगळं जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पण तिला आत्ताच ऐकलेलं सगळं ऐकू येत होतं. किल्ली घेऊन कपाट उघडणारा माणूस उद्या त्याच घरात राहणार. धाकट्यापुढे एखादा कागद सरकवणार आणि विचारणार, "देतोस ना सही?" मग धाकटा काय म्हणेल ते या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मधलीला आपल्या सख्ख्या भावाची भीती वाटत होती, आणि ही भीती वाटते याचं तिला रडू येत होतं.

"नाही," ती म्हणाली. "रागव, जा, काय करायचं ते कर. खोली मी देणार नाही."

"मग मीही सही करणार नाही! आणि झेरॉक्स फाडून टाकतो घरी जाऊन. बघू कोण सिद्ध करतं!"

तो उठला. दारापर्यंत गेला. वहिनी उठली नाही.

"चल," तो म्हणाला.

वहिनीनं पर्स उघडली. चष्म्याच्या घराखालून तिनं चार घड्या घातलेले कागद काढले, टेबलावर ठेवले आणि तळहातानं सरळ करत बसली. तीनदा सरळ केले, तरी हात उचलवेना.

"झेरॉक्स तुमच्या बॅगेत नाहीये," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "सकाळीच घेतली मी. कशाला घेतली ते मलाही माहीत नव्हतं."

वकीलबाईंनी दुसरं पान आणि त्याची झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवली. भिंग घेतलं. ओळ न् ओळ बघितली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. "हेच पान आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "झेरॉक्समध्ये दोनच भोकं उमटलीत. टाके नाहीत."

"आता कळलं का तू काय केलंस?" थोरला बायकोला म्हणाला. "कुठं राहणार आहेस तू?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाली. "भाड्याच्या दोन खोल्या बघू. बसा. सही करा. तुम्ही वाईट नाही आहात, अहो, घाबरलेले आहात. मीपण आहे."

थोरला दारातून मागे फिरला आणि येऊन बसला. प्रतिज्ञापत्र लिहून, छापून यायला पाऊण तास लागला. किल्ली घेतल्याची ओळ वाचताना त्यानं डोळे मिटले, पण ती खोडायला सांगितली नाही. सही केली आणि खाली जाऊन उभा राहतो म्हणून निघून गेला.

वहिनीही पर्स उचलून निघाली होती, तेवढ्यात वकीलबाईंनी मधलीला विचारलं, "एक राहिलं. तुमच्यानंतर विश्वस्त कोण? ते नाव आजच अर्जासोबत घालू. धाकटे तुमच्याहून दहा वर्षांनी लहान आहेत."

मधलीला हा प्रश्न गेली कित्येक वर्षं रात्रंदिवस छळत होता. तिला मूल नव्हतं. धाकट्याशिवाय तिला एकच भाऊ होता आणि तो आत्ता जिना उतरत होता.

"वहिनींचं घाला," ती म्हणाली.

वहिनी जागच्या जागी थांबली. "माझं? वन्सं, काहीतरीच काय! आत्ता खोली नको म्हणालात."

"खोली नकोच. दादा असेपर्यंत नाही."

"आणि हे हवंय?"

"हो."

"माझी भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते," मधली म्हणाली. "तीस वर्षं वाटतेय. पण मी मेल्यावर त्याला पाणी कोण पाजेल म्हणून विचार करते, तर आज दुसरं कुणी डोळ्यांपुढे येत नाही. मी तरी काय करू?"

वहिनीला खरं तर राग आला. घर नाही, खोली नाही, नवरा खाली तोंड फिरवून उभा, आणि वर हे ओझं. तिनं धाकट्याकडे बघितलं. तो वकीलबाईंच्या फायलींचा शेवटचा गठ्ठा घेऊन बसला होता. त्याच्या शर्टाची कॉलर मागच्या बाजूला उलटी दुमडली गेली होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वहिनी गेली, कॉलर सरळ केली आणि टेबलाशी परत आली.

"कुठं करायची सही?" तिनं विचारलं.

वकीलबाईंनी जागा दाखवली. पंख्याच्या वाऱ्यानं कागद हलत होता, तो मधलीनं पुढे होऊन वहिनीसाठी दोन्ही हातांनी धरून ठेवला.